ईआरए की फिप? डेडलाइनला पिचर पारखताना होणारा घोळ

जुलैअखेर अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलची ट्रेड डेडलाइन (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची मुदत) जवळ आली की पिचरबद्दल, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याबद्दल, तीच वाक्यं कानावर येतात. आधी, 'ईआरए साडेसहाचा आहे, कशाला घेतला याला?' आणि सप्टेंबरात त्याच पिचरबद्दल, 'बघा, ईआरए दोनने उतरला, ट्रेड फळला!' दोन्ही वेळा निकाल ईआरएवरून (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात पडलेले रन) दिलेला असतो आणि फिपकडे (फील्डिंग वगळून फक्त पिचरच्या हातातलं मोजणारा आकडा) कुणी ढुंकूनही बघत नाही. कुणी फिप सांगितलाच, तर उत्तर ठरलेलं: ईआरएतून फील्डरच्या चुका वगळतातच ना, मग आणखी एक आकडा कशाला?

ईआरए सगळ्यांना येतो. अर्न्ड रन (फील्डरच्या एररशिवाय झालेले रन) गुणिले 9, भागिले टाकलेल्या इनिंग (तीन आउटची एक). 2023 मध्ये लीगची सरासरी 4.33 होती, साडेतीनच्या आत चांगला, पाचच्या वर वाईट. फिपमध्ये चारच गोष्टी मोजतात: होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका), वॉक (चार बाहेरच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस), अंगावर बसलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट). होमरनला 13ने गुणायचं, वॉक आणि अंगावरचे चेंडू मिळून 3ने, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करायची आणि इनिंगने भागायचं. शेवटी साधारण 3.1 ते 3.25 एवढा स्थिरांक मिळवायचा. तो दर मोसमात असा ठरवतात की लीगचा फिप आणि लीगचा ईआरए एकच यावा. त्यामुळे चारचा फिप चारच्या ईआरएसारखाच वाचायचा.

आता मूळ घोळ. ईआरएतून वगळतात ते 'एरर'मुळे झालेले रन. एरर कधी लागतो? सर्वसाधारण प्रयत्नात जमायला हवं होतं ते फील्डरने चुकवलं असं अधिकृत स्कोअररला वाटलं तर. म्हणजे जवळजवळ नेहमीच फील्डर आधी चेंडूपर्यंत पोचलेला असावा लागतो. जो पोचलाच नाही त्याच्या नावावर काही लागत नाही.

थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला फील्डर) यांच्या मधून जाणारा एक साधा सरपटी चेंडू घ्या. चपळ शॉर्टस्टॉप उजवीकडे चार पावलं टाकतो, उलट्या हाताने उचलतो, फर्स्ट बेसला फेकतो: आउट. जड पायाचा शॉर्टस्टॉप तीनच पावलं टाकतो, चेंडू ग्लोव्हपासून हातभर लांबून लेफ्ट फील्डमध्ये जातो: हिट. पुढच्याने डबल (दोन बेसचा फटका) मारला की रन झाला, तोही अर्न्ड. पिच तेच, फटका तोच, ईआरए मात्र वेगळा. हळू फील्डरचे एरर अनेकदा कमीच दिसतात, कारण हुकवण्याएवढा तो चेंडूजवळ जातच नाही. क्रिकेटमध्ये पॉइंटचा फील्डर जागचा हललाच नाही तर झेल सुटल्याची नोंद कुठे होते? चौकार बोलरच्याच खात्यात जातो. तसंच हे.

उलट दिशेनेही ईआरए फसवतो, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. दोन आउट झालेत, तिसरा आउट मिळायला हवा तिथे एरर झाला. आता त्याच पिचरने लागोपाठ तीन होमरन खाल्ले तरी त्या इनिंगमधला पुढचा एकही रन त्याच्या ईआरएत येत नाही. इनिंग संपायलाच हवी होती, असा हिशेब. फिप त्या तिन्ही होमरनची नोंद ठेवतो.

डेडलाइनला हा फरक पैशांत मोजला जातो. पिचर घेता येतो. त्याच्यामागचे सात फील्डर जुन्या टीमकडेच राहतात. त्याची स्ट्राइकआउट घेण्याची क्षमता आणि वॉक देण्याची खोड मात्र त्याच्याबरोबर येते.

2023चे लॉस एंजेलिस डॉजर्स बघा. वॉकर ब्यूलर टॉमी जॉन (कोपराच्या) शस्त्रक्रियेतून सावरत होता, डस्टिन मे कोपरामुळे बाहेर, क्लेटन कर्शॉ खांद्यामुळे जायबंदी यादीत. 28 जुलैला त्यांनी शिकागो व्हाइट सॉक्सकडून लान्स लिन आणि जो केली घेतले. लिनचा तोवरचा ईआरए 6.47. डॉजर्सकडे 11 सामन्यांत तो 4.36वर आला, शिवाय 7 विजय आणि 2 पराभव. ट्रेड सोन्याचा ठरला असंच सगळे म्हणाले. (विजय-पराभवावरून पिचर जोखणं तर बंदच व्हायला हवं. टीमने किती रन काढले यावर पिचरचा काय ताबा?)

आता बेरीज-वजाबाकी स्वतः करा. एक सावधगिरी: इनिंग 119.2 लिहिल्या असतील तर तो दशांश नाही. ओव्हरसारखंच वाचायचं: 119 पूर्ण आणि दोन आउट, म्हणजे 119.667. कॅल्क्युलेटरवर 119.2 टाकून उत्तर चुकवणारे खूप आहेत.

व्हाइट सॉक्सकडे 119.2 इनिंग, 28 होमरन, 45 वॉक, 144 स्ट्राइकआउट. 364 अधिक 135 वजा 288, म्हणजे 211. भागिले 119.667, म्हणजे 1.76. त्या वर्षीचा स्थिरांक सुमारे 3.25, म्हणून साधारण 5. डॉजर्सकडे 64 इनिंग, 16 होमरन, 22 वॉक, 47 स्ट्राइकआउट. 208 अधिक 66 वजा 94, म्हणजे 180. भागिले 64, म्हणजे 2.81. स्थिरांक मिळवून 6च्या वर. अंगावर बसलेले चेंडू दोन्हीकडे मी धरलेलेच नाहीत. धरले तर दोन्ही आकडे थोडे आणखी वाढतात.

म्हणजे ईआरए दोनने उतरला तेव्हाच फिप एकाने चढला होता. नऊ इनिंगमागे जवळपास 11 स्ट्राइकआउट घेणारा पिचर साडेसहा स्ट्राइकआउटवर आला होता आणि होमरन पूर्वीइतकेच, किंबहुना किंचित जास्तच, जात होते. 11 ऑक्टोबरला अ‍ॅरिझोनाविरुद्ध प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेरीच्या) तिसऱ्या सामन्यात, तिसऱ्या इनिंगमध्ये पेर्डोमो, मार्टे, वॉकर आणि मोरेनो या चौघांनी त्याला होमरन मारले. प्लेऑफमध्ये एका पिचरने एकाच इनिंगमध्ये चार होमरन देण्याची ती पहिलीच वेळ. डॉजर्स 4-2ने हरले आणि 100 विजयांचा मोसम तिथेच संपला.

फिप डोळे झाकून मानावा असंही नाही. काइल हेंड्रिक्सने 2016 मध्ये शिकागो कब्जकडून 2.13चा ईआरए राखला, मेजर लीगमध्ये सर्वांत कमी. फिप मात्र 3.20. कब्जची फील्डिंग त्या वर्षी अफलातून होती हे खरं, पण फलंदाजाकडून मिळमिळीत फटके मारून घेणं ही हेंड्रिक्सची स्वतःची कला होती आणि फिपला ती दिसत नाही. शिवाय थोड्या इनिंगमध्ये होमरन नशिबानेही कमीजास्त होतात. अशा वेळी एक्सफिप बघावा. त्यात प्रत्यक्ष होमरनऐवजी, दिलेल्या उंच फटक्यांवर लीगच्या सरासरीने जितके होमरन व्हायला हवेत तितके धरतात. माझं मत विचाराल तर झालेल्या मोसमाचा पुरस्कार देताना ईआरए चालेल. उरलेल्या दोन महिन्यांसाठी तरुण प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) देऊन पिचर घ्यायचा असेल तर आधी फिप.

रिलीव्हर (सामन्यात मध्येच येणारा बदली पिचर) घेताना ईआरए आणखी कच्चा. जुलैअखेर त्याच्या जेमतेम 40 इनिंग झालेल्या असतात. एका वाईट रात्रीचे 5 रन ईआरए एकाहून जास्त वर नेतात. शिवाय आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले रनर याने घरी (होम प्लेटवर, म्हणजे रन होईपर्यंत) येऊ दिले तर ते रन आधीच्याच नावावर पडतात. दर वेळी दोघांना घरी सोडणारा रिलीव्हरही त्यामुळे कागदावर दोनच्या ईआरएचा दिसू शकतो. हे फिपमध्येही नीट उमटत नाही. त्यासाठी वारशाने मिळालेल्या रनरपैकी किती घरी पोचले, तो रकाना वेगळा बघावा लागतो.