27 धावांची आघाडी आणि तरी 'सेव्ह'

पुतण्या शाळेच्या बेसबॉल संघात गेल्यापासून आमच्या कसबा बावड्यातल्या घरात जुनी स्कोअरकार्डं चाळायचा नाद लागलाय. परवा त्यानं विचारलं, "काका, 30-3 नं जिंकलेल्या मॅचमधी ह्या गड्यानं वाचवलं काय?"

मॅच 22 ऑगस्ट 2007 ची. टेक्सास रेंजर्सनी बाल्टिमोरला धुतलं आणि शेवटच्या तीन इनिंग टाकणाऱ्या वेस लिटलटनच्या नावापुढं सेव्ह, म्हणजे आघाडी शेवटपर्यंत टिकवल्याचं श्रेय, लागला. नियमात बसतं ते. शेवटच्या तीन इनिंग नीट टाकल्या, की आघाडी कितीही असली तरी चालते.

या आकड्याचं मूळ एका पत्रकाराच्या वैतागात आहे. 1959 मध्ये पिट्सबर्गचा रिलीफ पिचर, म्हणजे मधेच बदली येऊन चेंडू टाकणारा, एलरॉय फेस 18 मॅच जिंकला, फक्त एक हरला. शिकागोचा जेरोम होल्ट्झमन म्हणाला, यातल्या काही विजयांत फेसनंच आघाडी घालवली, नंतर फलंदाजांनी धावा काढल्या म्हणून विजय त्याच्या नावावर पडला. मग त्यानं आघाडी टिकवणाऱ्याचं श्रेय मोजायला सेव्ह काढला. 1969 पासून तो अधिकृत झाला, आणि 1975 मध्ये त्याला साधारण आजचं रूप आलं.

त्याआधी हाताशी ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागं पिचरच्या खात्यात पडणाऱ्या धावांची सरासरी, होता, पण रिलीफ पिचरच्या बाबतीत तो पक्का लबाड. तिन्ही बेसवर समोरच्या संघाचे धावणारे उभे असताना नवा गडी आला, त्यानं पहिल्याच चेंडूवर फटका खाल्ला आणि तिघं घरी पोचले, तर त्या तिन्ही धावा आधीच्या पिचरच्या खात्यात जातात. जेवला एक, बिल दुसऱ्याला!

खरी गंमत पुढं झाली. 1988 च्या सुमारास ओकलंडचा मॅनेजर टोनी ला रुसानं पिचर डेनिस एकर्सलीला बहुतेक शेवटच्या एकाच इनिंगसाठी राखायला सुरुवात केली. ते फळलं आणि सगळ्यांनी उचललं. हळूहळू पिचर कधी आणायचा, हे सेव्हचा नियमच ठरवू लागला. आपल्याकडं बुमराहला विसाव्या ओव्हरसाठी ठेवायचं आणि मॅच पंधराव्यातच हातची घालवायची, तसला प्रकार.

2000 नंतर बेसबॉलचा आकडेतज्ज्ञ टॉम टँगोनं 'लिव्हरेज इंडेक्स' मांडला. त्या क्षणाच्या खेळानं निकाल किती हलू शकतो, ते हा आकडा सांगतो. सरासरी क्षण म्हणजे 1. मोठ्या आघाडीत तो शून्याजवळ जातो, त्यामुळं लिटलटनच्या सेव्हची किंमत लगेच उघडी पडते.

तरी सवय सुटत नाही. 2016 च्या मोसमात बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटननं 47 पैकी 47 सेव्ह केले, ईआरए 0.54. टोरांटोविरुद्धच्या बाद फेरीच्या मॅचला आपल्याकडं सकाळ होती, मी चहा गार करून बघत बसलो होतो. 2-2 बरोबरी, अकरावी इनिंग. एन्कार्नासिओननं उबाल्डो हिमेनेझला तीन धावांचा होमरन मारला आणि बाल्टिमोर घरी गेलं. आघाडी मिळाल्यावर आणू म्हणून राखलेला ब्रिटन एक चेंडूही न टाकता बुलपेनमध्येच, म्हणजे बदली पिचरांच्या सरावाच्या जागेतच, राहिला.

पुतण्यानं आता वहीत एक जादा रकाना आखलाय: 'आला तवा बेसवर किती होते, त्यातले किती घरी गेले.'