दावा करताना तुमचे हक्क : आमच्या आरोग्यविमा ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सांगलीतील आमच्या कार्यालयामार्फत आरोग्यविमा घेतलेल्या प्रत्येक कुटुंबासाठी हे पत्रक तयार केले आहे. ते पॉलिसीच्या फाइलमध्ये अगदी वरच ठेवावे, कारण त्याची गरज पडते ती बहुधा रात्री रुग्णालयाच्या काउंटरवर, आणि त्या वेळी पॉलिसीची पाने चाळण्याची उसंत कोणालाच नसते. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण इर्डा म्हणतो त्याने, २९ मे २०२४ रोजी आरोग्यविम्याविषयी एकत्रित परिपत्रक काढले आणि त्यात ग्राहकाच्या बाजूने बऱ्याच गोष्टी घातल्या. आमचा अनुभव मात्र असा आहे की हे हक्क तोंडी मागितले की उत्तरही तोंडीच मिळते आणि पुढे ते कोणाला आठवत नाही. म्हणून वेळ टिपून ठेवणे आणि नकार लेखी घेणे, या दोन गोष्टींवर आम्ही येथे अधिक भर दिला आहे.

प्रस्ताव अर्ज आणि केसपेपर

दावा नाकारला जाण्याचे बीज पुष्कळदा अर्ज भरतानाच पडलेले असते. प्रतिनिधी घाईत सगळ्या आजारांपुढे 'नाही' लिहितो, ग्राहक सही करतो आणि तीन वर्षांनी तोच कागद त्याच्यासमोर ठेवला जातो. आमच्या कार्यालयात अर्जातील आरोग्याचे प्रश्न ग्राहकाला वाचून दाखवल्याशिवाय आम्ही सही घेत नाही. यात अर्धा तास जातो, तो जाऊ द्यावा. बीपी, शुगर, थायरॉइड यांची गोळी चालू असेल तर ती लिहावीच. हप्ता थोडा वाढेल किंवा त्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे दावा करता न येणारा सुरुवातीचा काळ, लागेल, पण तो आता ३६ महिन्यांहून अधिक असू शकत नाही. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत ती न पटल्यास परत करता येते. सोबत येणारे ग्राहक माहिती पत्रक मराठीत मागण्याचा हक्कही तुम्हाला आहे. तो फारसे कोणी बजावत नाही, तुम्ही बजावावा.

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याचे कारण पुढे करून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. कंपनी बदलून पॉलिसी पोर्ट केली असल्यास जुनी वर्षे यात धरली जातात. मात्र मध्येच विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेपुरती ही मुदत नव्याने मोजली जाते, हे लक्षात ठेवावे.

अर्जाइतकाच महत्त्वाचा दुसरा कागद म्हणजे रुग्णालयातील केसपेपर. रुग्ण दाखल होतो तेव्हा निवासी डॉक्टर सोबतच्या माणसाला पूर्वीचे आजार विचारतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका ग्राहकाच्या मेव्हण्याने अशाच घाईत सांगितले, "बीपी असेल आठ-दहा वर्षांपासून." प्रत्यक्षात गोळी सुरू होऊन दीड वर्ष झाले होते आणि पॉलिसी चार वर्षांची होती. पण केसपेपरवर 'बीपी, १० वर्षे' अशी ओळ उमटली आणि तिच्यावर बोट ठेवून कॅशलेस, म्हणजे रुग्णालयाचे बिल कंपनीने थेट भरणे, नाकारले गेले. पहिल्या चिठ्ठीची तारीख दाखवून ते प्रकरण पुढे सुटले, तरी मधले दोन महिने त्या कुटुंबाने उसनवारीत काढले. तेव्हा ज्याला नक्की माहिती आहे त्यानेच डॉक्टरांशी बोलावे, माहीत नसेल तर 'माहीत नाही' असेच सांगावे, आणि चुकीची नोंद दिसल्यास त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह दुरुस्तीचे पत्र घ्यावे. वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत देणे हे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेतच आहे.

कॅशलेसचे घड्याळ

रुग्णालयाकडून विनंती गेल्यावर कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत देणे कंपनीवर बंधनकारक आहे. तीन तासांहून अधिक उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने खोलीचे जादा भाडे लावले तर ते कंपनीने सोसायचे असते, तेही भागधारकांच्या निधीतून. उपचार चालू असताना दुर्दैवाने रुग्ण दगावल्यास दाव्याची कार्यवाही लगेच करून पार्थिव ताबडतोब ताब्यात मिळेल हे पाहण्याची जबाबदारीही कंपनीवर टाकलेली आहे.

नियम असे स्पष्ट असतानाही सकाळी अकराला 'आज डिस्चार्ज' म्हटलेला रुग्ण संध्याकाळी सातला घरी जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रुग्णालय म्हणते टीपीएकडून, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, मंजुरी आली नाही, टीपीए म्हणते रुग्णालयाने अंतिम बिल पाठवलेच नाही. आणि बऱ्याचदा टीपीएचे म्हणणे खरे असते. अंतिम विनंती जाते तेव्हाच तीन तासांची मोजणी सुरू होते. त्यामुळे बिलिंग विभागातील विमा कक्षात जाऊन विनंती नेमकी किती वाजता गेली हे विचारावे, शक्य असल्यास त्या ईमेलचा मोबाइलवर फोटो काढावा आणि मग कंपनीच्या हेल्पलाइनवर तीच वेळ सांगून तक्रार क्रमांक घ्यावा. कॅशलेस दाव्याची कागदपत्रे कंपनीने आणि टीपीएने रुग्णालयाकडूनच गोळा करायची असतात. त्यासाठी रुग्णाच्या नातेवाइकांना हेलपाटे घालायला लावू नयेत.

कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे नव्हे. पैसे भरून, मूळ बिले घेऊन नंतर प्रतिपूर्तीचा दावा करता येतोच.

बिलाच्या अभावी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे आहे, आणि महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. दराचा फलकही तेथेच शोधावा.

बिलातील कपात

आमच्याकडे सर्वाधिक वाद येतात ते खोलीच्या भाड्यावरून. समजा, विम्याची रक्कम ५ लाख रुपये आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये आहे. रुग्ण चार दिवस ८,००० रुपयांच्या खोलीत राहिला. खोलीचे ३२,०००, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह यांचे ८०,०००, औषधांचे ३०,०००, इम्प्लांटचे ४०,००० आणि तपासण्यांचे १८,००० धरून बिल २ लाख रुपये झाले. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे, म्हणजे खोलीभाडे जितक्या प्रमाणात कापले त्याच प्रमाणात इतर खर्चही कापण्याचे, कलम असेल तर खोलीचे २०,००० मिळतील आणि ८०,००० चे त्याच प्रमाणात ५०,००० होतील. परंतु औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावण्यास इर्डाने मनाई केलेली आहे. अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही ती लागत नाही. म्हणजे या बिलावर १,५८,००० रुपये मिळायला हवेत. सरसकट कपात केली तर हातात १,२५,००० येतात आणि फरक ३३,००० रुपयांचा पडतो. कपातीचा तक्ता मागून हा हिशेब स्वतः करून पाहावा. ज्या रुग्णालयात खोलीनुसार उपचारांचे दर बदलत नाहीत, तेथे तर अशी कपात करताच येत नाही. खरे तर खोलीभाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी थोड्या जास्त हप्त्यात मिळत असेल तर तीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नकार आल्यानंतर

दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतील नेमके कोणते कलम लागू केले, हे कंपनीने लेखी कळवले पाहिजे, आणि दावा समितीच्या मंजुरीशिवाय तो फेटाळता येत नाही. 'अटींनुसार देय नाही' एवढेच उत्तर पुरेसे नाही. अशा वेळी कलमाचा क्रमांक आणि समितीची मंजुरी, दोन्ही ईमेलने मागावे. आधीच्या वर्षी दावा केला म्हणून नूतनीकरण नाकारण्याचाही अधिकार कंपनीला नाही.

तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. सोबत इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करता येते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. लोकपालांकडे शुल्क नाही, दाव्याची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि लोकपालांचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत अमलात आणायचा असतो. न आणल्यास तक्रारदाराला रोज ५,००० रुपये देण्याची तरतूद आहे. निवाडा तुम्हाला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. तेथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. एकाच वेळी दोन्हीकडे मात्र जाता येत नाही.

लोकपालांसमोर वकील किंवा विमा प्रतिनिधी तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही, त्यामुळे आम्हीही तेथे बोलू शकणार नाही. तक्रारीचा मसुदा आणि तारीखवार कागद लावून देण्याचे काम आम्ही विनाशुल्क करतो. आम्हाला कमिशन विमा कंपनीकडून मिळते, हेही येथे सांगून ठेवतो. कार्यालयात येताना नकाराचे पत्र, पॉलिसी, डिस्चार्ज कार्ड आणि सर्व बिलांच्या झेरॉक्स आणाव्यात; प्रतिपूर्तीसाठी मूळ बिले कंपनीकडे एकदा गेली की परत मिळणे कठीण असते, म्हणून ती पाठवण्यापूर्वीच दोन संच काढून ठेवावेत.