स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीतील पुनर्वसन सेवांचे व्यवस्थापन (अमेरिका)

रुग्णालयातून सुटी मिळाली, पण घरी परतण्याइतकी ताकद अंगात आलेली नाही, अशा रुग्णांची अमेरिकेत स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत (एसएनएफ) सोय होते. खुब्याचे हाड मोडलेल्या आजी किंवा पक्षाघातानंतर घास गिळताना ठसका लागणारे आजोबा हे तिथले नेहमीचे रुग्ण. पुन्हा चालते करणे हे फिजिओथेरपिस्टचे काम. आंघोळ, कपडे, शौच स्वतःचे स्वतः जमवून देणे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे. बोलणे, गिळणे आणि स्मरण स्पीच थेरपिस्टचे. या तिन्ही शाखांचा मेळ घालणाऱ्या प्रमुखाला डायरेक्टर ऑफ रिहॅब म्हणतात. तो बहुधा स्वतःच थेरपी क्षेत्रातला असतो आणि व्यवस्थापन सांभाळून रुग्णही पाहतो. महाराष्ट्रातून गेलेले अनेक थेरपिस्ट या केंद्रांत काम करतात.

हे व्यवस्थापन समजून घ्यायचे तर पैसा कसा येतो ते आधी पाहावे लागते. १९६५ च्या कायद्याने सुरू झालेली मेडिकेअर ही वृद्धांची सरकारी विमा योजना पारंपरिक स्वरूपात एका आजारकाळात १०० दिवसांपर्यंत खर्च उचलते. त्यातले पहिले २० दिवस पूर्ण, पुढे रुग्णाला रोजचा वाटा द्यावा लागतो. त्याआधी रुग्णालयात सलग ३ दिवस दाखल असण्याची अट आहे. केवळ ‘निरीक्षणाखाली’ काढलेले दिवस त्यात धरत नाहीत, आणि कित्येक कुटुंबांना ही गोष्ट बिल हातात पडल्यावरच कळते.

१९९८ पासून केंद्रांना दिवसागणिक ठरीव रक्कम मिळू लागली आणि ती मुख्यतः थेरपीच्या मिनिटांवर अवलंबून होती. आठवड्याला ७२० मिनिटे भरली की सर्वांत वरची श्रेणी. साहजिकच मिनिटे भरणे हेच प्रमुखाचे काम होऊन बसले. थकलेल्या, थेरपी न सोसणाऱ्या माणसालाही आकडा गाठेपर्यंत उठवले जाई. अशा बिलांवरून सरकारने खटले भरले आणि २०१६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर भरून ते मिटवले.

१ ऑक्टोबर २०१९ पासून पेशंट ड्रिव्हन पेमेंट मॉडेल (पीडीपीएम) ही पैसे देण्याची नवी पद्धत आली. आता रक्कम मिनिटांवर नव्हे, तर निदान, सोबतचे आजार आणि दाखल होतानाची कार्यक्षमता यांवर ठरते. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीचा दर २० दिवसांनंतर दर आठवड्याला थोडा उतरत जातो. मोह आता उलट्या दिशेचा झाला : थेरपी जितकी कमी, तितकी बचत. बदल लागू होताच अनेक ठिकाणी थेरपिस्टांची कपात झाली. रुग्ण तेच, त्यांचे गुडघे तेच, बदलला होता तो फक्त हिशेब. हे विसरता येत नाही. सामूहिक आणि दोघांवर एकाच वेळी केलेली थेरपी मिळून प्रत्येक शाखेत २५ टक्क्यांवर जाऊ नये, एवढे बंधन मात्र आहे.

रोजच्या कामात सर्वांत जाच होतो तो ‘प्रॉडक्टिव्हिटी’चा, म्हणजे कामाच्या तासांपैकी प्रत्यक्ष उपचारात गेलेल्या वेळेच्या टक्केवारीचा. रुग्ण न्हाणीघरातून येईपर्यंत थांबणे, रुग्णाच्या मुलीला फोनवर समजावणे, नर्सशी बोलणे यांपैकी बरेचसे त्यात धरले जात नाही. खरे तर उपचार तिथेच घडतो. थेरपीच्या आधी वेदनाशामक गोळी वेळेवर मिळाली नाही, तर नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस पलंगावरून पायच खाली टाकत नाही. म्हणून चांगला प्रमुख सकाळच्या बैठकीत नर्सिंगची वेळ आणि थेरपीची वेळ जुळवून घेतो, आणि घरी किती पायऱ्या आहेत, न्हाणीघराचे दार वॉकर जाण्याइतके रुंद आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवतो.

‘आता सुधारणा होत नाही’ एवढ्याच कारणावरून थेरपी बंद करणे पूर्वी सर्रास चाले. २०१३ मध्ये ‘जिमो’ खटल्यातील तडजोडीने स्पष्ट झाले की आहे ती क्षमता टिकवण्यासाठी किंवा घसरण मंदावण्यासाठी थेरपिस्टचे कौशल्य लागत असेल, तर मेडिकेअर त्याचाही खर्च देते. मेडिकेअरची सेवा थांबवण्याच्या किमान दोन दिवस आधी रुग्णाला लेखी सूचना द्यावी लागते, आणि त्याविरुद्ध तातडीने अपील करता येते.