ब बाहुलीचा, प पंख्याचा: नेबुता आणि नेपुता

जपानच्या होन्शू बेटाचं उत्तर टोक म्हणजे आओमोरी प्रांत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथल्या दोन शहरांत कागदाचे अवाढव्य कंदील रस्त्यावर येतात. मुत्सू उपसागराच्या काठावरचं आओमोरी शहर आपल्या उत्सवाला ‘नेबुता’ म्हणतं, तो २ ते ७ ऑगस्टला असतो. तिथून रेल्वेने साधारण पाऊण तासावर, समुद्रापासून आत, हिरोसाकी आहे. त्यांचा ‘नेपुता’ एक दिवस आधी सुरू होतो आणि ७ तारखेलाच संपतो. नावं इतकी सारखी की फोटोखाली हमखास उलटसुलट लिहिली जातात.

मराठी माणसाला एक सोय आहे: ब बाहुलीचा, प पंख्याचा. आओमोरीत योद्धे, राक्षस, ड्रॅगन यांच्या भरीव दिसणाऱ्या आकृती असतात, हिरोसाकीत बहुतेक कंदील उघडलेल्या पंख्याच्या आकाराचे. ही युक्ती या दोन शहरांपुरती वापरा. शेजारच्या गोशोगावारात गेलात की ती आपटते. तिथल्या ‘ताचिनेपुता’मध्ये प आहे, पण असते उभी आकृती, तीही सुमारे २३ मीटर, म्हणजे सातमजली इमारतीएवढी. कुरोइशीत तर दोन्ही प्रकार एकाच मिरवणुकीत चालतात.

मुळात ब आणि प हा बोलीतल्या उच्चाराचा फरक आहे. दोन्ही शब्दांचं नातं झोपेशी, पेंगण्याशी लावतात. ऐन उन्हाळ्यात शेतीची कामं अंगावर असताना येणारी सुस्ती पाण्यात सोडून द्यायची, अशी जुनी प्रथा होती. तिला ‘नेमुरि-नागाशी’ म्हणत, म्हणजे झोप वाहवून देणं. ‘नेबुता वाहून जा, घेवड्याची पानं राहू द्या’ अशा अर्थाची लोकांची एक जुनी ओळ आहे. तिथे घेवड्यासाठी आलेल्या ‘मामे’ या शब्दाला ‘कष्टाळू’ असाही अर्थ आहे. आळस जावो, उद्योग राहो! हिरोसाकीच्या त्सुगारू या सरदार घराण्याच्या दप्तरात १७२२ साली नेपुता पाहिल्याची नोंद सापडते. जपान सरकारने १९८० साली दोन्ही उत्सवांना महत्त्वाच्या अमूर्त लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, तोही वेगवेगळ्या नावांनी.

आता खरा फरक. आओमोरीचा मोठा नेबुता ९ मीटर रुंद, ७ मीटर खोल, पण उंचीला गाड्यासकट जेमतेम ५ मीटर. इतका आडवा का? वर विजेच्या तारा आणि सिग्नल. उंच जाता येईना, म्हणून तो आडवा फोफावला. वजन सुमारे ४ टन. पूर्वी बांबूचा सांगाडा आणि आत मेणबत्त्या असत, आता लाकूड, तार आणि दिवे. वरून ‘वाशी’ हा जपानी कागद चिकटवतात, काळ्या शाईने रेषा काढतात, मग रंग एकमेकांत पसरू नयेत म्हणून मेण लावतात. हे करणारे ‘नेबुता-शी’ म्हणजे नेबुता घडवणारे कारागीर. २०१२ मध्ये पदार्पण केलेली कितामुरा आसाको ही त्यांच्यातली पहिली स्त्री.

हिरोसाकीत पंख्याला दोन बाजू असतात आणि माझ्या मते उत्सवाचा जीव मागच्या बाजूला आहे. पुढे ‘कागामि-ए’, म्हणजे आरसाचित्र: वटारलेले डोळे, तलवारी, रक्त. मागे ‘मिओकुरि-ए’, निरोपाचं चित्र: बहुधा एखादी शांत, उदास स्त्री. गाडा समोरून गेला की लोक लगेच पुढच्याकडे माना वळवतात आणि नेमकं तेच हुकतं. तळाशी रंगवलेली पिओनी फुलं त्सुगारू घराण्याच्या चिन्हातली. पंखाच का, तर पहिला सरदार तामेनोबू याचं लहानपणीचं नाव ‘ओगी’ म्हणजे पंखा होतं, असं एक कारण सांगतात.

डोळे मिटले तरी शहर ओळखता येतं. आओमोरीत ‘रास्सेरा, रास्सेरा’ आणि त्यावर उड्या मारणारे हजारो ‘हानेतो’. ठरलेला पोशाख घातला की यात कुणीही शिरू शकतं, परदेशी पाहुणासुद्धा. पोशाख भाड्यानेही मिळतो. अंगावरची घुंगरं नाचताना गळतात आणि सापडलेलं घुंगरू शुभ मानतात, त्यामुळे पोरं रस्त्यावर डोळे लावून बसतात. हिरोसाकीत हानेतो नाहीत. तिथे ‘या-या-दो’ अशी संथ, जड हाक आणि भलेमोठे ढोल. चालणारे चालतात, बघणारे बघतात.

या तफावतीवर एक देखणी गोष्ट सांगतात: हिरोसाकीचा उत्सव लढाईला निघालेल्यांचा, म्हणून गंभीर, आणि आओमोरीचा जिंकून परतलेल्यांचा, म्हणून जल्लोषी. तिच्यासोबत सेनापती साकानोउए नो तामुरामारोचं नावही येतं. त्याने कंदील आणि ढोलांनी शत्रूला भुलवून बाहेर काढलं म्हणे. ऐकायला छान, पण तो इतक्या उत्तरेला पोचल्याचा पुरावा नाही. मला बंदराचं मोकळं शहर आणि किल्ल्याच्या सावलीतलं शहर हे कारण जास्त पटतं.

७ तारखेला मात्र दोघांचीही मिरवणूक दिवसा निघते. त्या संध्याकाळी नेहमीच्या रस्त्यावर जाऊन उभे राहाल तर फसाल. आओमोरीत बक्षीस मिळवलेले नेबुता बोटींवर चढवून उपसागरात फिरवतात आणि वर शोभेचं दारूकाम चालतं, तेव्हा बंदर गाठायचं. हिरोसाकीत इवाकी नदीच्या काठी जायचं. तिथे नेपुता पेटवून देतात.