संगीत उद्योगातील ब्लॉकचेन

गाण्याची मालकी, त्याचा वापर आणि रॉयल्टीची वाटणी यांच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवण्याचे प्रयत्न साधारण २०१५ पासून सुरू आहेत. ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी सांभाळलेली खातेवही असते. तिच्यात नवी नोंद चढते. जुनी गुपचूप बदलणे जवळजवळ अशक्य असते.

अशा वहीची गरज का वाटली, हे एका गाण्याकडे पाहिले की कळते. शब्द आणि चाल यांवरचा हक्क गीतकार-संगीतकारांचा आणि ध्वनिमुद्रणावरचा बहुधा कंपनीचा, असे दोन हक्क एकाच गाण्यात नांदतात. रचनेला आयएसडब्ल्यूसी क्रमांक मिळतो, ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी. एकच रचना दहा जणांनी गायली, तर रचनेचा क्रमांक एक आणि ध्वनिमुद्रणांचे दहा. या क्रमांकांची पूर्ण सांगड घालणारी जागतिक यादी नाही. ती उभारू पाहणारा ‘ग्लोबल रेपर्टवार डेटाबेस’ हा प्रकल्प २०१४ मध्ये गुंडाळावा लागला. मालक न सापडल्याने पैसे पडून राहतात ते यामुळेच. अमेरिकेत फेब्रुवारी २०२१ मध्ये स्ट्रीमिंग कंपन्यांनी अशी सुमारे ४२.४ कोटी डॉलरची थकलेली रक्कम ‘मेकॅनिकल लायसेन्सिंग कलेक्टिव्ह’ या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे सोपवली. ही गीतकार-संगीतकारांच्या कष्टाची कमाई होती.

ब्रिटिश गायिका इमोजेन हीप यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘टायनी ह्यूमन’ हे गाणे इथेरियम या ब्लॉकचेनवर विक्रीला ठेवले. खरेदी होताच स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे आधी ठरलेल्या अटी आपोआप पाळणारा प्रोग्राम, गाण्यात सहभागी असलेल्यांचे वाटे थेट त्यांच्या खात्यांत टाकत असे. कल्पना सुंदर होती, पण गाणे घ्यायला श्रोत्याने आधी आभासी चलनाचे पाकीट उघडायचे! विक्री अगदीच थोडी झाली.

२०२१ मध्ये एनएफटीची, म्हणजे डिजिटल वस्तूच्या मालकीची ब्लॉकचेनवर नोंदलेली, विकता येणारी प्रमाणपत्रे यांची लाट आली. डीजे जस्टिन ब्लाउ यांच्या लिलावात सुमारे १.१७ कोटी डॉलर जमले आणि मार्चमध्ये किंग्ज ऑफ लिऑन या बँडने आपला अल्बम एनएफटी रूपातही आणला. प्रत्येक फेरविक्रीत कलावंताला वाटा मिळेल, हे सर्वांत मोठे आश्वासन होते. मात्र तो वाटा वसूल करणे बव्हंशी बाजारपेठ चालवणाऱ्यांच्या हाती राहिले. ओपनसी या मोठ्या बाजारपेठेने ऑगस्ट २०२३ मध्ये तो ऐच्छिक करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा आश्वासनातली हवाच गेली.

खरी मर्यादा याहून मूलभूत आहे. सातबाऱ्यावर चुकीचे नाव चढले, तर उतारा कितीही जपून ठेवला तरी खऱ्या मालकाला न्याय मिळत नाही, ब्लॉकचेनचेही तसेच. चाल कोणाची, वाटा किती, करार काय म्हणतो, हे माणसांनीच ठरवायचे असते आणि वादही तिथेच होतात. म्हणून एनएफटीच्या बाजारापेक्षा पडद्यामागच्या नोंदकामात या तंत्रज्ञानाला अधिक भवितव्य दिसते. आस्कॅप (अमेरिका), सासेम (फ्रान्स) आणि पीआरएस (ब्रिटन) या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या तीन संस्थांनी २०१७ मध्ये वर सांगितलेले दोन क्रमांक जुळवण्यासाठी ब्लॉकचेनचा प्रयोग हाती घेतला. त्यात झगमगाट नव्हता, पण दुखणे नेमके ओळखले होते.

भारतात गीतकार-संगीतकारांना बळ मिळाले ते कायद्याने. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, चित्रपटगीतांच्या इतर वापरांतला त्यांचा रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही. एनएफटीसारख्या आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, त्यामुळे छोट्या कलावंताला तो मार्ग परवडणे कठीण. मराठी गीतकारासाठी आजही पहिले काम आहे ते १९६९ मध्ये स्थापन झालेल्या, मुंबईतील आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचे सदस्य होऊन प्रत्येक गाणे सहकलावंतांच्या वाट्यांसह नोंदवण्याचे. पुढे कोणतीही ब्लॉकचेन आली, तरी तिला हीच माहिती लागेल.