डेब्यू (ब्योर्कचा अल्बम)

डेब्यू : आइसलँडची गायिका ब्योर्क (जन्म : रेक्याविक, २१ नोव्हेंबर १९६५) हिचा एकल पॉप अल्बम. ब्रिटनमध्ये तो ५ जुलै १९९३ रोजी वन लिटल इंडियन या लंडनच्या स्वतंत्र कंपनीने प्रकाशित केला. अमेरिकेत त्याच महिन्यात इलेक्ट्राने काढला. ‘द शुगरक्यूब्ज’ हा बँड १९९२ मध्ये थांबला आणि पुढच्याच वर्षी त्याची गायिका या ध्वनिमुद्रिकेतून स्वतंत्रपणे पुढे आली. निर्माता नेली हूपर. मूळ आवृत्तीत अकरा गाणी आहेत. ‘प्ले डेड’ हे डेव्हिड अर्नल्डसोबतचे चित्रपटगीत त्याच वर्षी नंतरच्या प्रतींत जोडले गेले. त्यामुळे काही सूचींत गाण्यांची संख्या बारा आढळते.

नावासंबंधी : आइसलँडमध्ये आडनावाची प्रथा सहसा नाही. गायिकेचे पूर्ण नाव ब्योर्क गुडमुन्ड्सडोटिर. यातला दुसरा शब्द म्हणजे ‘गुडमुंडुरची मुलगी’. तिथली छापील दूरध्वनी-सूचीदेखील पहिल्या नावाने लावलेली असे, तेव्हा कोशात तिची नोंद ‘ग’खाली न शोधता ‘ब’खाली शोधावी. ‘ब्योर्क’ याचा अर्थ भूर्ज वृक्ष. अल्बमच्या ‘डेब्यू’ या नावाचा अर्थ मात्र सरळ ‘पदार्पण’, आणि खरा वाद या शब्दाभोवतीच आहे.

पदार्पण कोणते? : १९७७ च्या अखेरीस रेक्याविकमध्ये ‘ब्योर्क’ या नावाचीच एक तबकडी निघाली होती. गायिका तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. शाळेच्या कार्यक्रमातले तिचे गाणे रेडिओवर वाजले, त्यातून ही संधी आली. सावत्र वडील गिटारवादक होते, त्यांचा व त्यांच्या मित्रांचा हात या ध्वनिमुद्रणात होता. बीटल्स व स्टीव्ही वंडर यांच्या गाण्यांची आइसलँडिक रूपेही तिच्यात आहेत. त्यातच योहानेस क्यार्वाल या चित्रकाराच्या नावाचा एक बासरीचा तुकडा आहे आणि तो ब्योर्कची स्वतःची रचना आहे. तबकडी आइसलँडबाहेर फारशी गेली नाही आणि गायिकेनेही पुढे ती आपल्या मुख्य कामात धरली नाही.

दुसरी अडचण १९९० च्या ‘ग्लिंग-ग्लो’ची. हा जॅझ अल्बम पियानोवादक गुडमुंडुर इंगोल्फसन यांच्या त्रयीसोबत केलेला आहे. मुखपृष्ठावर गायिकेचे नाव आधी आणि त्रयीचे नंतर येते. त्यामुळे काही सूचीकार तो एकल कामात घेतात, तर काही सहकार्याच्या रकान्यात टाकतात. त्याआधीची नोंद बँडांच्या नावावर आहे : टाप्पी टिकाररास, कुक्ल आणि १९८६ पासून द शुगरक्यूब्ज.

याचा अर्थ ‘पहिला एकल अल्बम’ कोणता, याची तीन उत्तरे संभवतात. केवळ तारीख प्रमाण मानली तर १९७७ ला पर्याय नाही. पण एकल अल्बम या संकल्पनेत कलावंताने सामग्री स्वतः निवडणे, बहुतांश स्वतः रचणे आणि ती आपल्या नावाने जगापुढे ठेवणे हे अभिप्रेत असेल, तर १९९३ हेच वर्ष अधिक ग्राह्य ठरते. बहुसंख्य संदर्भग्रंथांचा कलही तिकडेच आहे आणि तो डावलण्यास सबळ कारण दिसत नाही. शीर्षकाकडे मात्र निव्वळ वर्णन म्हणून पाहू नये. त्यात आधीचा हिशेब मिटवल्याची घोषणाही आहे. १९९४ च्या ब्रिट पुरस्कारांत (ब्रिटनचे वार्षिक पॉप-संगीत पुरस्कार) ब्योर्कला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय गायिकेबरोबर सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय नवोदित हाही सन्मान मिळाला. पहिल्या तबकडीनंतर सोळा वर्षांनी नवोदित ठरण्याचे उदाहरण विरळाच.

रचना व ध्वनिमुद्रण : यातली काही गाणी बँडच्या काळातच आकाराला आली होती, शुगरक्यूब्जच्या गिटारप्रधान बाजात ती बसत नव्हती. मँचेस्टरच्या ‘एट-ओ-एट स्टेट’ या गटासाठी १९९१ मध्ये गायिलेल्या दोन गाण्यांतून तिचा नृत्यसंगीताशी संबंध वाढला. हूपर हा ब्रिस्टलच्या ‘वाइल्ड बंच’ या डीजे मंडळींपैकी, ‘सोल टू सोल’ या लंडनच्या गटामधून पुढे आलेला. ब्योर्कचा विचार आधी निरनिराळ्या निर्मात्यांकडून गाणी करून घेण्याचा होता. अखेर एक गाणे सोडून सर्व काम हूपरबरोबर झाले. अपवाद ‘लाइक समवन इन लव्ह’ या १९४४ च्या जुन्या गीताचा. तिथे साथीला कॉर्की हेल यांची हार्प आहे आणि निर्मिती ब्योर्कची स्वतःची.

‘देअर्ज मोअर टू लाइफ दॅन धिस’ हे गाणे लंडनच्या मिल्क बार या क्लबच्या प्रसाधनगृहात मुद्रित झाल्याचे शीर्षकातच नमूद आहे. मध्येच दार लागते, नाचाचा ठेका भिंतीपलीकडे दबतो आणि आवाज तेवढा कानाशी उरतो. युक्ती साधी, पण परिणामकारक. ‘एरोप्लेन’ व ‘द अँकर साँग’ यांतील सॅक्सोफोनची मांडणी अमेरिकन जॅझवादक ऑलिव्हर लेक यांची आहे.

मुंबईतील तंतुवाद्ये : मराठी वाचकाला विशेष वाटावा असा भाग ‘व्हीनस अ‍ॅज अ बॉय’ व ‘कम टू मी’ या गाण्यांत आहे. यांतील तंतुवाद्यांचे काम लंडनचा तबलावादक तलविन सिंग याच्याकडे सोपवण्यात आले आणि त्याने ते मुंबईत, चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाकडून करून घेतले. तबलाही त्याचाच. यातील व्हायोलिने पाश्चात्त्य सिम्फनीसारखी थरावर थर रचत नाहीत. बरीचशी एकाच स्वररेषेवरून, मिंडेने सरकत, गाण्याच्या मुखड्याला उत्तर देत जातात. हिंदी चित्रपटगीतांतल्या अंतऱ्याआधीच्या संगीताची सवय असलेल्या कानाला ही वळणे लगेच ओळखू येतात. इंग्रजी समीक्षेत हा भाग पुष्कळदा ‘पौर्वात्य’ या एका विशेषणात गुंडाळला जातो. ते अपुरे आहे, कारण ही शैली कुठल्या अमूर्त पूर्वेची नसून मुंबईच्या स्टुडिओंत घडलेली, स्वतःच मिश्र अशी शैली आहे. तिच्या घडणीत गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता, हे चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे; तथापि तेवढ्यावरून या दोन गाण्यांना विशिष्ट वादकांची नावे जोडणे घाईचे होईल. तलविन सिंग पुढे ब्योर्कच्या १९९४ मधील एमटीव्ही अनप्लग्डच्या कार्यक्रमातही तबल्यावर होता. ‘ओके’ या त्याच्या स्वतःच्या अल्बमला ब्रिटनमधील वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमसाठीचा १९९९ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला.

वर्गीकरण : हाउस, जॅझ, ट्रिप-हॉप अशी अनेक लेबले या अल्बमला लावली जातात. ठेक्यावर भर देणारे त्यास नृत्यसंगीताच्या इतिहासात ठेवतात. परंतु ‘द अँकर साँग’ किंवा हार्पवरचे गाणे त्या चौकटीत बसत नाही. ‘पॉप’ ही ढोबळ संज्ञाच येथे अधिक सोयीची.

स्वागत : ब्रिटनच्या अल्बम-यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत एकसष्टाव्या. प्रकाशकाची अपेक्षा बरीच माफक होती, असे सांगितले जाते. ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने त्यास १९९३ चा सर्वोत्तम अल्बम ठरवले; उलट ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाचे तत्कालीन परीक्षण प्रतिकूल होते आणि दोषाचा रोख बहुतांशी हूपरच्या निर्मितीवर होता. शुगरक्यूब्जच्या रॉकची अपेक्षा ठेवून ऐकणाऱ्यांची ती निराशा असावी.

‘ह्यूमन बिहेवियर’, ‘व्हीनस अ‍ॅज अ बॉय’, ‘बिग टाइम सेन्शुअ‍ॅलिटी’ व ‘व्हायोलंटली हॅपी’ ही गाणी स्वतंत्रपणेही निघाली. पहिल्याची चित्रफीत मिशेल गोंद्रीची असून दोघांच्या दीर्घ सहकार्याचा आरंभ तीतून झाला. मुखपृष्ठाचे छायाचित्र झाँ-बाप्तिस्त मोंदिनो याचे आहे. यानंतरचा अल्बम ‘पोस्ट’ (१९९५).