साडेतीनशे सीसीच्या शेजारी दीडशे सीसी

इंदूरच्या भंवरकुआ भागात संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी रस्त्याच्या कडेला दोन गाड्या हमखास शेजारी-शेजारी दिसतात: रॉयल एनफील्डची क्लासिक आणि यामाहाची आर-१५. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसीचं, आर-१५चं १५५ सीसीचं, म्हणजे निम्म्याहून लहान. ताकद मात्र क्लासिकची २०.२ बीएचपी (इंजिनाची हॉर्सपॉवर) आणि आर-१५ची १८ बीएचपीच्या जरा वर. त्यात आर-१५ वजनाला पन्नासेक किलोंनी हलकी. ‘दीडशेचीच तर आहे, बेताचीच पळेल’ असं म्हणून मुलाला गाडी घेऊन देणाऱ्या आईबाबांनी हे आकडे एकदा तरी नजरेखालून घालावेत, असं मला फार वाटतं.

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. पिस्टन सिलिंडरमध्ये वरून खाली येताना जेवढी जागा मोकळी करतो, तिचं हे माप. एका खेपेला आत किती हवा मावेल, एवढंच ते सांगतं. आणि खरा प्रश्न हवेचाच असतो. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं, पण तेवढी हवा आत घेणं अवघड असतं.

हॉर्सपॉवर ही वेळेवर मोजायची गोष्ट आहे. काम किती झालं यापेक्षा ते किती वेगानं झालं, हे ती सांगते. म्हणून हवाही मिनिटाच्या हिशेबानंच मोजायला हवी. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा हवा घेतं. क्लासिकची सर्वाधिक ताकद ६१०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६१०० फेऱ्यांना मिळते. म्हणजे मिनिटाला ३०५० खेपा, प्रत्येक खेपेला ३४९ सीसी. झाली साधारण १०६४ लिटर हवा. आर-१५ची ताकद शिखराला पोहोचते १०,००० आरपीएमला. ५००० खेपा, १५५ सीसीच्या. झाली ७७५ लिटर. इंजिनांच्या आकारात सव्वादोन पटींचा फरक होता, हवेत तो दीडपटीपेक्षाही खाली आला.

तरी हिशेब पुरता जुळत नाही. ७७५ पेक्षा १०६४ हे जवळपास ३७ टक्क्यांनी जास्त, पण क्लासिकची ताकद आर-१५पेक्षा जेमतेम ११-१२ टक्क्यांनीच जास्त आहे. उरलेला फरक हवा आत कशी येते आणि आत आल्यावर तिचं काय होतं, यातून पडतो. १०,००० आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला फक्त ३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सिलिंडर भरायचा तर दारं मोठी हवीत, म्हणून आर-१५ला चार व्हॉल्व्ह आहेत, क्लासिकला दोन. शिवाय आर-१५ आलेलं मिश्रण ११.६ पट दाबते, क्लासिक ९.५ पट. जास्त दाबून जाळलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. पण दाब वाढवला की तापमान वाढतं, मिश्रण भलत्या वेळी पेट घेतं आणि इंजिन नॉकिंग करू लागतं. म्हणून आर-१५ला रेडिएटर आणि कूलंट लागतं.

मग क्लासिकलाच १०,००० आरपीएमपर्यंत का पळवत नाहीत? तिच्या पिस्टनला एका वेळी ८५.८ मिलिमीटर अंतर कापावं लागतं, आर-१५च्या पिस्टनला ५८.७. आपापल्या शिखराला क्लासिकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसतरा मीटरच्या आसपास, आर-१५चा साडेएकोणीस. आरपीएममध्ये एवढी तफावत असून पिस्टनचे वेग इतके जवळ आहेत, ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. क्लासिकला १०,०००वर नेलं तर हा वेग २८ मीटरच्या पुढे जाईल, आणि रेसिंगची इंजिनंसुद्धा सहसा २५च्या आसपास थांबतात. आरपीएम दुप्पट झाले की पिस्टनला मागे-पुढे खेचणारे झटके चौपट होतात. कनेक्टिंग रॉड तुटतात ते त्यामुळेच.

आकार मोठा असण्याला अर्थच नाही, असं मात्र कुणी समजू नये. माळव्यात गहू-सोयाबीनच्या शेतांत चालणारा महिंद्राचा ५७५ डीआय ट्रॅक्टर २७३० सीसीचा आहे आणि त्याची ताकद ४५ हॉर्सपॉवर. केटीएमची ३७३ सीसीची ड्यूक मोटरसायकल ४३ देत होती! पण ट्रॅक्टर ते १९०० आरपीएमला देतो, ड्यूक ९०००ला. काळ्या मातीत नांगर ओढताना तासन् तास पूर्ण भार घेऊन जे इंजिन वर्षानुवर्षं टिकायला हवं, ते असंच मोठं आणि सावकाश फिरणारं हवं.

पिळाचा जोर म्हणजे टॉर्क. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणून ७१२१ने भागलं की बीएचपी मिळते. क्लासिकचा सर्वाधिक टॉर्क ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण १५ बीएचपी. आर-१५चा ७५०० आरपीएमला १४.२, म्हणजे तेही १५च. पण ४००० आरपीएमला आर-१५कडे ८ बीएचपीसुद्धा नसते. ओंकारेश्वरहून मागे कुणाला तरी बसवून परतताना सिमरोलच्या भेरू घाटात हे जाणवतं. क्लासिक वरच्या गियरमध्ये शांतपणे चढते, तर आर-१५चे गियर उतरवून इंजिन ओरडवावं लागतं. चढते तीही तेवढ्याच वेगानं, फक्त चालवणाऱ्याला जास्त राबवते. उलट पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकसारख्या मोकळ्या जागी शिखराची ताकदच कामाला येते.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी विरळ, त्यामुळे क्लासिकची एक बीएचपी तर इथे नुसती उभ्या उभ्याच कमी होते. या अडचणीवर टर्बो हा उपाय आहे. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि सिलिंडरमध्ये हवा कोंबायची. टाटाची टियागो आणि नेक्सॉन, दोघींची पेट्रोल इंजिनं ११९९ सीसीची. टियागो ८५च्या आसपास बीएचपी देते, टर्बो असलेली नेक्सॉन ११८.

११९९ हा आकडाही सहज आलेला नाही. चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीला करात सवलत मिळते ती १२०० सीसीपर्यंतच. दुचाकींनाही सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे ४०. विम्यातही तेच. १५० ते ३५० सीसीच्या एकाच गटात भंवरकुआच्या त्या दोन्ही गाड्या बसतात. विजेवरच्या दुचाकींचा थर्ड पार्टी विमा मात्र किलोवॉटनुसार ठरतो. मोटरला सीसी नसते, त्यामुळे तिथे थेट ताकदच मोजावी लागली.